मेहेरबानी आणि हक्क : रॉचेस्टर शहराची गोष्ट



आपल्याकडे कोर्टाच्या आवारात, तहसील कचेरीसमोर, कॉलेजच्या दाराशी एक पाटी हमखास दिसते : 'झेरॉक्स'. कागदाची प्रत काढण्याला आपण मराठीत आता दुसरा शब्द वापरतच नाही. आणि आमच्या पिढीला आणखी एक शब्द लहानपणापासून ठाऊक आहे : 'कोडॅक'. फोटो स्टुडिओच्या कपाटात ती पिवळी खोकी रचून ठेवलेली असायची. हे दोन्ही शब्द ज्या कंपन्यांनी घरोघरी पोचवले त्या एकाच गावच्या. त्या गावाचं नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात, ओंटारिओ सरोवराच्या दक्षिण काठावर असलेलं रॉचेस्टर. न्यूयॉर्क शहराशी त्याची गल्लत करू नका, ते बरंच लांब आहे. २०२० च्या जनगणनेनुसार रॉचेस्टरची वस्ती २ लाख ११ हजार. म्हणजे फार मोठं नाही, अगदी छोटंही नाही.

आज आपण या शहराचा इतिहास पाहणार आहोत. पण आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे मास्तर, तेव्हा इतिहास सांगतानाही मनात एक प्रश्न घेऊनच सांगणार. प्रश्न असा : माणसाला जे मिळतं ते मेहेरबानी म्हणून मिळालं काय आणि हक्क म्हणून मिळालं काय, शेवटी मिळालं ना? मग फरक काय पडतो? रॉचेस्टरने या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांत स्वतःच्या अंगावर झेललं आहे.

आधी भूगोल बघू. नकाशात शहर सरोवराच्या काठावर दिसतं, पण मूळ गाव तिथे वसलंच नाही. जेनेसी नावाची नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहत येते आणि ओंटारिओ सरोवराला मिळते. मिळण्याआधी शेवटच्या दहा-बारा किलोमीटरांत ती तीन मोठ्या धबधब्यांवरून खाली उतरते. वरचा धबधबा सुमारे ९६ फुटांचा. गाव वसलं ते या वरच्या धबधब्यापाशी. सरोवरावरचं शार्लट हे बंदर शहराच्या हद्दीत आलं ते थेट १९१६ साली. सरोवराकडे पाठ करून बसलेलं हे सरोवराकाठचं शहर आहे, असं म्हटलं तरी चालेल. पण एका काळात काही माणसांच्या लेखी हे सरोवर म्हणजे साक्षात मुक्तीचं दार होतं. त्याकडे आपण येऊच.

ही सगळी भूमी सेनेका लोकांची. १७७९ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या आज्ञेवरून जनरल सलिव्हन यांच्या सैन्याने सेनेकांची गावं, उभी पिकं, फळबागा जाळल्या. त्यानंतर करारमदार झाले आणि जमीन गोऱ्यांच्या हाती गेली. १८०३ मध्ये नॅथॅनिएल रॉचेस्टर आणि त्यांचे दोन भागीदार यांनी धबधब्याजवळची १०० एकर जागा विकत घेतली. हे रॉचेस्टर मेरीलँडचे, आणि तिथे त्यांच्या पदरी गुलाम होते. पुढे गुलामगिरीविरुद्धचा आवाज म्हणून जे शहर ओळखलं गेलं त्याला नाव मिळालं ते एका गुलाम बाळगलेल्या गृहस्थाचं. इतिहास असाच असतो, त्याला सोवळं-ओवळं ठाऊक नसतं.

धबधब्यावर पाणचक्क्या आल्या, पाणचक्क्यांवर पिठाच्या गिरण्या आल्या. पण पीठ दळलं तरी ते विकायचं कुठे? हा प्रश्न ईरी कालव्याने सोडवला. १८१७ मध्ये खोदकाम सुरू झालं, १८२५ मध्ये कालवा पुरा झाला. हडसन नदीवरच्या ऑल्बनीपासून ईरी सरोवरावरच्या बफलोपर्यंत ३६३ मैल. रॉचेस्टरमध्ये तर जेनेसी नदीवर दगडी पूल बांधून त्यावरून कालवा नेला. खाली नदी वाहते आहे आणि वरून मालाच्या नावा चालल्या आहेत, असं दृश्य. १८२० मध्ये गावाची वस्ती होती जेमतेम दीड हजार, १८३० मध्ये नऊ हजारांच्या वर, १८५० मध्ये छत्तीस हजार. लोक त्याला 'पिठाचं शहर' म्हणू लागले. पुढे गव्हाची शेती पश्चिमेकडे सरकली, तशा गिरण्याही सरकल्या. मग इथे मोठमोठ्या रोपवाटिका उभ्या राहिल्या. इंग्रजीत पीठ आणि फूल या दोन्ही शब्दांचा उच्चार एकच, त्यामुळे शहराला नाव बदलायचीही गरज पडली नाही!

कालव्यावरून पिठाबरोबर आणखीही काही येत-जात असे : माणसं, वर्तमानपत्रं, प्रवचनकार, नवी मतं. १८४७ च्या डिसेंबरात एका तरुणाने इथे एक साप्ताहिक काढलं, 'नॉर्थ स्टार', म्हणजे ध्रुवतारा. दक्षिणेतून रात्रीच्या अंधारात पळून येणारे गुलाम उत्तर दिशा ओळखायचे ती याच ताऱ्यावरून. संपादकाचं नाव फ्रेडरिक डग्लस. ते स्वतः मेरीलँडमधून पळालेले गुलाम. पुढची जवळजवळ पंचवीस वर्षं त्यांचं घर रॉचेस्टरमध्ये होतं.

शहराने त्यांचं स्वागत केलं का? केलं, आणि नाहीही केलं. पोस्ट दांपत्यासारखे क्वेकर पंथातून आलेले कुटुंबमित्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पण डग्लस यांची मुलगी रोझेटा हिला इथल्या एका खासगी शाळेत घातलं, तर तिला इतर मुलींपासून वेगळं, एकटीला बसवून शिकवायला लागले. डग्लस गप्प बसले नाहीत. शहराच्या सरकारी शाळांमधला वर्णभेद मोडावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं आवाज उठवला, आणि १८५७ च्या सुमारास तो मोडला. लक्षात घ्या, मुलीला घरी शिकवण्याची ऐपत त्यांच्याकडे होती. कुणाच्या भलेपणाने एखादी दुसरी शाळाही मिळाली असती. पण त्यांना आपल्या मुलीपुरती सोय नको होती, सगळ्या मुलांसाठी नियम बदलून हवा होता.

१८५२ साली शहरातल्या स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी मंडळाने त्यांना स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने भाषणाला बोलावलं. ४ जुलैला नाही, ५ जुलैला ते बोलले. कोरिंथियन हॉलमध्ये पाच-सहाशे माणसं होती. स्वातंत्र्याचा हा उत्सव गुलामाच्या दृष्टीने काय आहे, हाच सवाल त्यांनी श्रोत्यांपुढे टाकला. समोर बसलेली मंडळी त्यांचे हितचिंतक होती, देणगीदार होती. त्यांचे आभार मानून मोकळं होणं सोपं होतं. त्यांनी यजमानांनाच आरशासमोर उभं केलं. अमेरिकन वक्तृत्वाच्या इतिहासात हे भाषण आज अगदी वरच्या स्थानी मानतात.

आणि आता ते सरोवर. १८५० मध्ये पळालेल्या गुलामांना परत धरून देण्याचा कायदा आणखी कडक झाला. उत्तरेकडच्या राज्यांतही पळून आलेला माणूस सुरक्षित राहिला नाही. मग एकच वाट उरली : सरोवर ओलांडून ब्रिटिश कॅनडात जायचं. जेनेसीच्या शेवटच्या धबधब्याखाली बोटींचा धक्का होता. तिथून बोट निघायची, ती नदीतून सरोवरात आणि सरोवरातून पलीकडच्या काठाला. १८५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या ख्रिस्तियाना गावी गुलाम पकडायला आलेल्या मालकाशी चकमक झाली आणि मालक मारला गेला. त्या प्रतिकाराचे पुढारी विल्यम पार्कर आपल्या साथीदारांसह रॉचेस्टरला डग्लस यांच्या घरी पोचले. डग्लस यांनी त्यांना स्वतः धक्क्यावर नेऊन बोटीत बसवलं. या काठावर कायदा त्यांना गुन्हेगार मानत होता, त्या काठावर ते नागरिक होणार होते. माणूस तोच, मध्ये फक्त पाणी. हक्क म्हणजे काय हे समजून घ्यायला याहून सोपं उदाहरण आम्हाला वर्गात कधी सापडलं नाही.

याच शहरात त्याच काळात आणखी एक बाई राहत होत्या, सुझन बी. अँथनी. त्यांचं कुटुंब १८४५ मध्ये इथे आलं. जुलै १८४८ मध्ये जवळच्या सेनेका फॉल्स गावी स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. डग्लस तिला हजर होते आणि मताधिकाराच्या ठरावाच्या बाजूने बोलले. दोनच आठवड्यांनी दुसरी परिषद रॉचेस्टरला भरली आणि तिच्या अध्यक्षस्थानी अॅबिगेल बुश ही स्त्री होती. स्त्रीपुरुषांच्या सभेत स्त्रीने अध्यक्ष व्हायचं, ही कल्पना तेव्हा चळवळीतल्या काही बायकांनासुद्धा धाडसाची वाटली होती. अँथनीबाई या चळवळीत थोड्या उशिरा आल्या, पण आल्या त्या कायमच्या.

५ नोव्हेंबर १८७२ रोजी अँथनीबाईंनी आणि त्यांच्यासोबत शहरातल्या काही स्त्रियांनी जाऊन सरळ मतदान केलं. कायद्याने स्त्रियांना मत नव्हतं. बाईंचं म्हणणं, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीने आम्ही नागरिक आहोत, मग मत आमचंच आहे, ते मागायचं कुणाकडे? त्यांना अटक झाली. जून १८७३ मध्ये कॅनन्डेग्वा गावी खटला चालला. न्यायाधीशांनी ज्यूरीला विचारविनिमयही करू दिला नाही, दोषी ठरवा असाच हुकूम दिला. दंड १०० डॉलर. बाईंनी तो शेवटपर्यंत भरला नाही.

या दोघांची गोष्ट फार गोड करून सांगायची नाही. यादवी युद्धानंतर आधी कृष्णवर्णीय पुरुषांना मत द्यायचं की स्त्रियांनाही बरोबरच, यावरून १८६९ मध्ये दोघांत भर सभेत खटका उडाला. बाई आणि त्यांचे सहकारी त्या वादात जे बोलले त्यात काळ्या माणसांविषयीचा तुच्छतेचा सूर होता, हे झाकून चालणार नाही. मैत्री टिकली, पण वाद खराच होता. हक्काची भाषा बोलणारी माणसंसुद्धा रांगेत कोण पुढे यावर भांडतात. हक्क अपुरे वाटून दिले, की असं होतंच.

इथे आपल्याला पुण्याची आठवण येणं साहजिक आहे. सेनेका फॉल्सची परिषद झाली त्याच १८४८ साली जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तिथे शिकवू लागल्या. हा निव्वळ योगायोग. पण दुसरा धागा योगायोगाचा नाही. अँथनीबाईंवर खटला चालला त्याच १८७३ साली जोतीरावांचं 'गुलामगिरी' प्रसिद्ध झालं, आणि ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी जो त्याग केला त्याबद्दल. हा जाणीवपूर्वक जोडलेला संबंध आहे. शूद्रातिशूद्रांची स्थिती आणि तिथल्या गुलामांची स्थिती एका मापाने मोजता येते, हे त्यांनी ओळखलं होतं. अर्पणपत्रिकेत गौरव आहे तो मुक्त करणाऱ्यांचा. रॉचेस्टरचा इतिहास त्यात एवढीच भर घालतो, की मुक्त होणाऱ्यांनी स्वतः किती केलं. डग्लस, पार्कर यांना कुणी मुक्त केलं नव्हतं, ते स्वतः निघाले होते.

१८७२ मध्ये डग्लस यांचं घर जळालं. आग कुणी लावली असावी अशी त्यांना शंका होती. ते वॉशिंग्टनला गेले ते गेलेच. १८९९ मध्ये रॉचेस्टरने त्यांचा पुतळा उभारला. माणूस असताना त्याच्या मुलीला वेगळं बसवायचं आणि गेल्यावर पुतळा उभारायचा, ही रीत आपल्यालाही अपरिचित नाही.

आता शहराचा दुसरा अध्याय. डग्लस गेले त्या दशकात बँकेत कारकुनी करणारा एक तरुण रात्री आईच्या स्वयंपाकघरात फोटोच्या काचांवर प्रयोग करत होता. जॉर्ज ईस्टमन. १८८८ मध्ये त्याने कोडॅक कॅमेरा बाजारात आणला : शंभर फोटोंची फिल्म आत भरलेली, किंमत २५ डॉलर. फोटो संपले की कॅमेराच कंपनीकडे पाठवायचा. १९०० मध्ये एक डॉलरचा 'ब्राउनी' आला आणि फोटो काढणं पोरांच्याही हातात आलं.

ईस्टमन अविवाहित राहिले आणि त्यांनी दोन्ही हातांनी दिलं. संगीतविद्यालय दिलं, मुलांच्या दातांसाठी दवाखाना दिला, विद्यापीठाला दिलं, मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयाला तर नाव लपवून 'मिस्टर स्मिथ' म्हणून दिलं. दक्षिणेतल्या टस्कीगी आणि हॅम्प्टन या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थांनाही मोठ्या देणग्या दिल्या. १९१२ पासून कामगारांना पगारावर लाभांश सुरू केला. बापाने कोडॅकमध्ये काम करावं, मुलाने तिथेच लागावं, दर वर्षी बोनस आला की शहरातल्या दुकानांत गर्दी व्हावी, असं चक्र बसलं. कामगार संघटना मूळ धरू शकली नाही. लोकांना गरजच वाटली नाही म्हणा, किंवा वाटू दिली गेली नाही म्हणा. १९३२ मध्ये दुखण्याने जर्जर झालेल्या ईस्टमन यांनी, आपलं काम झालं आता थांबायचं कशाला, अशा अर्थाची चिठ्ठी लिहून जीवन संपवलं.

आता कुणी म्हणेल, प्राध्यापक, यात वाईट काय? असे मालक सगळीकडे मिळोत! खरं आहे. ईस्टमन यांचं औदार्य खोटं नव्हतं. पण कांटच्या नीतिशास्त्रात एक भेद आहे, तो इथे उपयोगी पडतो. काही कर्तव्यं पूर्ण असतात, ती पाळावीच लागतात. काही अपूर्ण, म्हणजे ती कधी, कुणासाठी, किती पाळायची हे करणाऱ्यावर असतं. परोपकार या दुसऱ्या प्रकारात येतो. म्हणून दान देणारा कितीही थोर असला तरी कुणाला द्यायचं हे तोच ठरवतो. आणि रॉचेस्टरमध्ये नेमकं तेच झालं. टस्कीगीला देणगी गेली, पण खुद्द रॉचेस्टरच्या कारखान्यात काळ्या माणसांना नोकरी जवळजवळ नव्हती. ईस्टमन गेल्यावरही कित्येक वर्षं हेच चाललं.

दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतून काम शोधत कृष्णवर्णीय कुटुंबं या शहरात आली. १९५० मध्ये त्यांची संख्या आठ हजारांच्या आत होती, १९६४ पर्यंत ती तीस हजारांच्या पुढे गेली. घरं मिळायची ती ठरावीक दोन वस्त्यांत, जुनी आणि खचाखच भरलेली. शहरात काम भरपूर होतं, बेकारी देशात सर्वात कमी असलेल्या ठिकाणांत रॉचेस्टरची गणना होती. फक्त काम यांच्यासाठी नव्हतं. २४ जुलै १९६४ च्या रात्री, रस्त्यावर नाचगाण्याचा कार्यक्रम चालू असताना पोलिसांनी एका तरुणाला पकडलं आणि ठिणगी पडली. तीन दिवस शहर पेटलं होतं. नॅशनल गार्डचे सैनिक आणावे लागले. शेकडो जखमी झाले, जवळजवळ हजार लोकांना अटक झाली. वरून पाहणी करणारं हेलिकॉप्टर घरांवर कोसळलं, त्यातही माणसं गेली. शहरातली प्रतिष्ठित मंडळी अवाक झाली. एवढं दानशूर आमचं गाव, इथे असं कसं?

चर्चच्या मंडळींनी शिकागोचे संघटक सॉल अलिन्स्की यांना बोलावलं. १९६५ मध्ये 'फाइट' नावाची संघटना उभी राहिली. नावाचा अर्थच लढा. पुढारी होते धर्मोपदेशक फ्रँकलिन फ्लॉरेन्स. त्यांनी कोडॅककडे मागणी केली : दीड वर्षात सुमारे सहाशे बेकारांना शिकवून कामावर घ्या, आणि माणसं आमच्या संघटनेमार्फत घ्या. डिसेंबर १९६६ मध्ये कंपनीच्या एका अधिकाऱ्याने करारावर सही केली. दोनच दिवसांत कंपनीने जाहीर केलं की सही करण्याचा त्या अधिकाऱ्याला अधिकार नव्हता. करार रद्द.

इथे जरा थांबू या, कारण आजच्या विषयाचं मर्म इथे आहे. कंपनी असं म्हणत नव्हती, की आम्ही या लोकांना कामच देणार नाही. प्रशिक्षणाच्या तिच्या स्वतःच्या योजना होत्या, आणखीही काढायची तयारी होती. तिची अडचण वेगळीच होती. कुणाला घ्यायचं यात बाहेरच्या संघटनेशी बरोबरीने बसून करार करायचा, हे तिला मान्य नव्हतं. थोडक्यात : आम्ही देऊ, पण तुम्ही मागितलं म्हणून नाही. आणि 'फाइट'चं म्हणणं नेमकं उलट : तुम्ही देता म्हणून नको, आम्ही मागतो म्हणून द्या. नोकऱ्यांचा आकडा दोन्हीकडे कदाचित सारखाच निघाला असता. भांडण आकड्याचं नव्हतंच. शहरात आपण याचक आहोत की नागरिक, याचं ते भांडण होतं.

मग त्यांनी एक नवी युक्ती काढली. कंपनीचे थोडे भाग विकत घेतले, देशभरच्या चर्चसंस्थांकडे जे भाग होते त्यांचा पाठिंबा मिळवला, आणि एप्रिल १९६७ मध्ये न्यू जर्सीतल्या फ्लेमिंग्टन गावी भागधारकांच्या वार्षिक सभेत जाऊन उभे राहिले. कारखान्याच्या दारात जे ऐकून घेत नव्हते त्यांना सभागृहात ऐकावं लागलं. जूनमध्ये कंपनीने संघटनेचं प्रतिनिधित्व मान्य केलं आणि समझोता झाला. भागधारक म्हणून कंपनीला जाब विचारण्याची पद्धत पुढे अमेरिकेत रूढ झाली, तिच्या सुरुवातीच्या उदाहरणांत रॉचेस्टरचं नाव घेतात. त्याच सुमारास झेरॉक्सने वेगळा मार्ग धरला, 'फाइट'शी बोलून वस्तीतल्या लोकांचा स्वतःचा कारखाना उभा करायला मदत केली. म्हणजे हे जमत नव्हतं असं नाही.

कोडॅकचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. १९७५ मध्ये कोडॅकच्याच स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र नोंदवायला त्याला २३ सेकंद लागत. कंपनीचा नफा फिल्मवर होता, तिने त्या शोधाला पुढे येऊ दिलं नाही. १९८२ मध्ये कोडॅकचे रॉचेस्टरमध्ये साठ हजारांवर कर्मचारी होते. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखान्याच्या कित्येक इमारती त्याआधीच सुरुंग लावून पाडल्या होत्या. आणि त्या दिवाळखोरीत निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आरोग्यविम्याचा भार कंपनीने खांद्यावरून उतरवला. उभा जन्म कोडॅकमध्ये काढलेली ती माणसं. आपल्याला हे आयुष्यभर मिळणार, अशी त्यांची खात्री होती. पण ज्याला ते आपला हक्क समजत होते ते कायद्याच्या लेखी कंपनीचं औदार्य ठरलं. मेहेरबानी देणारा बुडाला की मेहेरबानीही बुडते. सुरुवातीला आपण विचारलं होतं, फरक काय पडतो? हा पडतो.

शहरात १९५० मध्ये ३ लाख ३२ हजार माणसं होती. आता त्यांतली तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कमी झाली आहेत, आणि मुलांच्या दारिद्र्याच्या बाबतीत रॉचेस्टर अमेरिकेतल्या वाईट शहरांपैकी एक मानलं जातं. सरोवरावरून टोरांटोला जाणारी वेगवान बोट २००४ मध्ये मोठ्या आशेने सुरू झाली. ती तोट्यात गेली, शहरानेच ती विकत घेऊन चालवून पाहिली, आणि २००६ मध्ये बंद पडली. आता शहराला पोसतात ती विद्यापीठ आणि रुग्णालयं. ईस्टमन यांच्या देणग्यांचा त्यात मोठा वाटा आहे, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केलं पाहिजे. दान वाया गेलं असं आम्ही म्हणत नाही. दानावर समाज उभा करता येत नाही, एवढंच म्हणतो.

माउंट होप ही शहरातली जुनी दफनभूमी. डग्लस १८९५ मध्ये वॉशिंग्टनला वारले, पण त्यांना आणून पुरलं ते इथे. अँथनीबाई १९०६ मध्ये गेल्या. अमेरिकेच्या घटनेत स्त्रियांचा मताधिकार आला १९२० मध्ये, म्हणजे तो त्यांना पाहायला मिळाला नाही. अलीकडे निवडणुकीच्या दिवशी रॉचेस्टरमध्ये एक प्रथा पडली आहे. मतदान केल्यावर कपड्यावर लावायला एक छोटी चिकटपट्टी देतात, 'मी मतदान केलं' अशी. बायका मत देऊन माउंट होपला जातात, रांगेत उभ्या राहतात आणि ती चिकटपट्टी अँथनीबाईंच्या थडग्यावर लावतात. २०१६ मध्ये तर तो दगड त्यांनी पार झाकून गेला होता. पुढे दगड खराब होऊ नये म्हणून त्यावर पारदर्शक आवरण घालायची वेळ आली.

या शहराची चाकं फिरवणारी नदी आहे, पण तिच्यावर चाकं नाहीत. कालवा शहरातून बाहेर वळवला. फिल्म गेली. मत देण्याचा हक्क मात्र आहे, कारण तो कुणी खुशीने दिलेला नव्हता, घेतलेला होता.

पुढच्या वेळी आपण कुठल्याही कचेरीबाहेर उभे राहून अर्जाची झेरॉक्स काढू, तेव्हा हातातल्या कागदाकडे एकदा नीट पाहू या. त्या अर्जात आपण 'कृपा करून' असं लिहिलं आहे का? आणि जे मागतो आहोत ते मुळात आपलंच आहे का? एवढा विचार केला तरी आजचं व्याख्यान कारणी लागलं असं आम्ही समजू.